मागच्या बाकावर बायको

...नाही, पण मला एक सांगा, नवरा जिथे शिकायला जातो तिथे बायकोने येऊन मागच्याच बाकावर बसायचं, ही कुठली पद्धत? शेजारी नाही, पुढे नाही, मागे! तासभर मानेवर नजर! आणि लोक मला विचारतात, काय हो, या वयात इंग्रजी अवघड गेलं असेल ना? छे! तुम्हाला सांगतो, इंग्रजी अवघड नाहीच हो!

मी लिफ्टचा माणूस. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. दार बिघडलंय, दोर बिघडलाय की मोटर, खाली उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो. मग सुपरवायझरची जागा निघाली तर ती मिळणार कोणाला? मलाच ना? तर साहेब म्हणतात, ‘‘जागा तुझीच आहे रे, पण दर आठवड्याला हेड ऑफिसला फोनवर इंग्रजीत सांगावं लागेल. कोणी काय तपासलं, किती वेळा तपासलं. क्लासचा दाखला आण आणि जागा घे.’’ म्हटलं, बस, एवढंच? आणतो की!

क्लासच्या मॅडम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत. टेबलावर दोन पत्र्याचे डबे. एका डब्यात माणसं... आय, यू, शी, वी, दे. दुसऱ्या डब्यात सवयी... ऑलवेज म्हणजे नेहमी, समटाइम्स म्हणजे अधूनमधून, नेव्हर म्हणजे कधीच नाही. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढायची आणि वाक्य करायचं. ‘‘आधी माणूस, मग किती वेळा, मग काम!’’ झालं इंग्रजी! मला तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पण मॅडमची एक अट. ‘‘वाक्य खरं पाहिजे. खोटं वाक्य म्हणजे चूक वाक्य. बसा खाली!’’

आता माझ्याबद्दलचं वाक्य खरं की खोटं, हे त्या मॅडमना कुठून कळणार? नसतंच कळलं! पण पहिल्या दिवशी बायको मला पोचवायला आली. पोचवायला! बावीस वर्षं लोकांना सातव्या मजल्यावर पोचवणारा माणूस मी! मॅडम म्हणाल्या, ‘‘दारात का उभ्या? तुम्हीपण बसा.’’ ती बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. मग रोजच.

माझी पहिली चिठ्ठी, आय. दुसरी, ऑलवेज. मी छाती काढून उभा राहिलो, ‘‘आय ऑलवेज हेल्प माय वाइफ!’’

मागून आवाज, ‘‘मॅडम, खोटं.’’

‘‘बसा खाली!’’

पुढच्या दिवशी आय आणि नेव्हर. ‘‘आय नेव्हर शाउट!’’

‘‘मॅडम, खोटं. काल ह्यांना टॉवेल सापडेना, तर वरच्या मजल्यावरचे लोक धावत आले.’’

‘‘बसा खाली!’’

मग मॅडमनी शिकवलं की वाक्यात अ‍ॅम आला तर ऑलवेज त्याच्या मागे जातो. जाऊ दे की, मला काय! ठणकावून म्हटलं, ‘‘आय अ‍ॅम ऑलवेज राइट!’’ एक शब्द इकडचा तिकडे नाही! यावर ती हसली. नुसती हसली हो! मॅडमनी कारणसुद्धा विचारलं नाही, ‘‘बसा खाली!’’ आणि माझ्या शेजारचा इस्त्रीवाला, एकटा जीव, तो रोज म्हणणार, आय ऑलवेज गेट अप अ‍ॅट फाइव्ह. कोण बघायला जातंय? त्याला शाबासकी! म्हणून म्हणतो, इंग्रजी अवघड नाहीच हो, एकट्याने शिकायला मिळालं पाहिजे!

एकदा घरी विचारलंच तिला, अगं, तू येतेस कशाला? औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते ती. घरी आली की ओट्यापाशी उभी. म्हणाली, ‘‘अहो, तिथे तासभर बसायला मिळतं. इंग्रजी काय, आपोआप कानावर पडतं.’’ म्हटलं, मग गप्प बस ना! तर म्हणाली, ‘‘तुम्ही खरं बोला, मी गप्प.’’

आणि परीक्षेचा दिवस आला. साहेबांनी बजावलेलं, उद्या दाखला टेबलावर नसेल तर जागा दुसऱ्याला. दुसरा कोण? जो लिफ्टला लाथ मारून चालू करतो तो! एकच संधी, एकच वाक्य. मी डब्यात हात घातला... शी. दुसऱ्या डब्यात... नेव्हर.

शी नेव्हर काय? विसरत नाही म्हणावं, तर परवाच किल्ली विसरली होती. रागावत नाही म्हणावं, तर... जाऊ दे. आणि एकदम डोळ्यांपुढे आली ती ओट्यापाशी. एका हातात चहाचा कप, दुसरा हात कमरेवर. चहासुद्धा उभ्यानेच! इतकी वर्षं मी समोर बसून पेपर वाचतोय आणि हे मला आत्ता दिसतंय? लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. हळूच म्हटलं, ‘‘शी नेव्हर सिट्स डाउन.’’

मागून ‘खोटं’ आलं नाही! पण मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘‘साफ खोटं! त्या काय तुमच्या मागे बसल्यात की!’’

गेली! जागा गेली, लाथवाल्याला गेली! तेवढ्यात मागचा बाक करकरला. वळून बघतो तर बायको उभी. डोळे पुसत होती. म्हणाली, ‘‘मॅडम, आता बघा.’’

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग पेन उचललं आणि म्हणाल्या, ‘‘खरं आहे. पास.’’

सांगत होतो ना, इंग्रजी अवघड नाहीच हो! अवघड ते पुढचं. घरी आलो, तिने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. म्हणाली, ‘‘पंधरा माणसांत बोललात ते फार बरं केलंत. अहो, चहा टाका, मला साखर कमी.’’ मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं असेल. दोन महिने झाले!

आता कंपनीत माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. तिच्या हाताखाली एकच आहे... पण त्याला रजा नाही.