सहाशे किलोचा फरक

न्हाई सायेब, चोरी न्हाई! त्या खुर्चीवर नगं, तिचा पाय मोडलाय, हिकडं बसा. मुंबईच्या बंदरावरून एवढ्या लांब बीडला आलाव, त्ये बी चिंचंसाठी! कागद माझ्याच हातचा हाय — आमच्या सोसायटीची चिंच, दुबईला, एकशेऐंशी पोती, नऊ हजार सहाशे किलो. अन् तुमच्या काट्यावर भरली नऊ हजार. म्हून तुमी आमच्या ड्रायवरवर आळ घेतलाव — जालिंदरनं वाटंत माल इकला म्हन्ता! अवो, त्यो चिंचंचं बुटुक तोंडात घालायचा न्हाई. पोती मोजली का? एकशेऐंशीच ना? मंग! वाळली म्हनावं. एका दिसात सहाशे किलो वाळत न्हाई म्हन्ता? ह्ये बी खरंय.

काट्याला मातर नावं ठिवू नगा, मी सटवा बावीस वर्सं ह्याच काट्यावर हाय. पैले रिकामा ट्रक चढवायचा, मंग भरलेला — मदला फरक त्यो माल. आता मदल्या टायमाला दोनशे लिटरचे तीन ड्रम भरून ठिवले तर — काई न्हाई. पाण्याचे, सायेब. सोसायटीच्या बोअरचं पाणी. दुस्काळ हाय, शिरूरकडं आमच्या वाडीला आठ दिसाला टँकर येतो; माझी बहीण सरूबाई अन् तिच्यासंगं चाळीस बाया हीच चिंच फोडत्यात, त्यास्नी प्यायला नगं व्हय? वाडी वाटंवरच हाय, जालिंदर ड्रम उतरून देतो अन् म्होरं जातो. चेअरमनला ठावं न्हाई. एवढ्याच खेपेला? छ्या! होळीपासून अकरा खेपा — आजवर तुमी आमचाच आकडा धरायचे, वजन ह्याच खेपेला केलं. म्हंजी बगा, तुमी दिल्लीला धाडता त्या निर्यातीच्या कागदात आमच्या वाडीचं पाणी दुबईला गेलं! हसा की. मला तर लई हसू येतंय.

तुमी लिहायलाव कावून? जालिंदरचं नाव नगा लिहू, त्याला मीच सांगितलतं — माझं लिवा. मला काढलं तर काढलं. पर पाणी बंद नगा करू सायेब, पाया पडतो. ह्ये बगा, आज बारावी खेप, ट्रक भायेर हुबाच हाय. पैले ड्रम भरतो, मंग रिकाम्या ट्रकाचं वजन घेतो — तुमचा आकडा किलोला किलो जुळंल, अन् वाडीलाबी...

न्हाई?

बरं. ए जालिंदर, ड्रम उतरीव बे. वाडीला थांबू नगंस.