टर्बोला पेट्रोल पुरेना

...आणि वर तो गॅरेजवाला मलाच म्हणतो, ‘ताई, टर्बो काढून टाका, गाडी शांत होईल!’ अहो, शांतच हवी असती तर गाडी कशाला, बसायला पाट नसता घेतला? पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला दागिना नको म्हणून हट्टानं बसवून घेतलाय मी तो टर्बो! काढणार नाही म्हणजे नाही!

झालं काय, तुम्हाला सांगते... माझी शाळा टेकडीवर. चढाला पाय दाबला की टर्बो शिट्टी घालतो, गाडी उसळते, आणि अर्ध्यात खाड् खाड् करून मान टाकते! मागे अख्खी स्कूल बस, पोरं खिडकीतून ‘बाई, ढकलू का?’... अठरा वर्षं विज्ञान शिकवतेय हो मी! साधी गोष्ट आहे, टर्बो इंजिनात हवा कोंबतोय दुप्पट आणि टाकीतला पंप जुनाच, पेट्रोल देतोय पूर्वीएवढंच. इंजिन उपाशी! अशीच दामटली तर एक दिवस पिस्टनच वितळायचा. हे मी गॅरेजवाल्या उस्तादांना सांगितलं, तर ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणतात, ‘साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.’ साहेबांना! आमच्या साहेबांना बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही! ते पेपरातून मान वर न काढता, ‘उस्ताद म्हणतात तर काढून टाक ना...’

म्हटलं, काढणार नाही म्हणजे नाही! सुट्टी लागली आणि घेतला पाना हातात.

पंप मागच्या सीटखाली. सीट काढून ठेवली हॉलमध्ये, तर सासूबाई त्यावर ऐसपैस! ‘सूनबाई, कमरेला काय आधार आहे गं! ही आता इथंच राहू दे.’ ...राहू दे? गाडीची सीट? बरं, म्हटलं आधी पंप. मोठा पंप बसवला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, बोटांना पेट्रोलचा वास, साहेब नाकाला रुमाल लावून जेवतायत... चावी फिरवली आणि काय सांगू! काळाकुट्ट धूर! शेजारीणबाईंच्या पांढऱ्या चादरी सगळ्या राखाडी! तिकडून त्या, ‘अहो, हे काय!’ इकडून हे, ‘तरी सांगत होतो!’ आणि कुंपणावरून उस्ताद, खास बघायला आलेले, ‘ताई, अजून वेळ गेलेली नाही...’

काढणार नाही म्हणजे नाही!

इंजिन आता उपाशी नव्हतं, त्याला अजीर्ण झालं होतं. किती पेट्रोल सोडायचं, हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्यानं शिकवायला हवं. शिकवणारी शोधली, लॅपटॉप घेऊन आली, बघते तर कोण... माझीच विद्यार्थिनी! विज्ञानात मी दोनदा नापास केलेली! तिनं स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या प्रेमानं म्हणाली, ‘बाई, मिश्रणाचं प्रमाण चुकलंय हो तुमचं.’ ...गिळलं! काय करणार, बरोबर होतं तिचं! तीन तास लॅपटॉपची बटणं ठोकत बसली, आणि धूर गायब!

मग चढावर चाचणी. उस्तादांना हाताला धरून पुढं बसवलं. मागं सीट लावली, तर सासूबाई सीटसकट आल्या! ‘ही जिथं जाईल तिथं मी.’ बसा! पट्टा लावा!

पायथ्याला दाबला पाय... टर्बोची शिट्टी, आणि गाडी उसळली, आणि उसळतच राहिली! ज्या वळणावर मान टाकायची ते कधी गेलं कळलंच नाही! उस्ताद हँडलला लटकून, ‘पटलं ताई, पटलं! पंपच होता! हळू!’ मी म्हटलं, ‘साहेबांना सांगू का हळू?’ ...इतक्यात टेकडी संपली हो! समोर शाळेचं फाटक, मी ब्रेक दाबतेय, दाबतेय, अजून दाबतेय... फाटकापासून वीतभरावर थांबली. मग मागून सासूबाई, अगदी शांतपणे, ‘सूनबाई, पळायला छान शिकवलंस गं हिला. थांबायला कधी शिकवणार?’

मी उस्तादांकडे बघितलं. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, ‘ताई, ब्रेक...’ म्हटलं, कळलं हो, कळलं!

एक अख्खी सुट्टी गाडी पळवण्यात गेली... आता पुढची तिला थांबवण्यात घालवायची!