दोडक्याचा मांडव आणि शून्यवादी मंडळ

मंडळी, ऐका! मागे खांबाला टेकून जे दोघं झोपायच्या तयारीत आहेत, त्यांनीही ऐका — झोप काय, घरी गेल्यावरही येईल! आजचा प्रश्न साधा आहे. कशालाच जर अर्थ नाही, तर आपण गेल्यावर कुणीतरी रडावं असं माणसाला का वाटतं? बोला! गप्प का झालात? आमचे पेटीवाले दामूअण्णा म्हणतात, "बुवा, अर्थाचं राहू द्या, चहा कधी?" थांबा अण्णा! आधी आख्यान.

सोनगिरे नावाचं गाव. नगरपालिका आहे, वाचनालय आहे, आणि गटार? ते तर सगळ्या रस्त्यावर आहे! त्या गावात प्राध्यापक विश्वंभर अष्टपुत्रे. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, घरात एकटे. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर बसायचे नि सांगायचे, "पाप नाही, पुण्य नाही, हेतू नाही. विश्व म्हणजे एक मोठं शून्य!" आता शून्याचा विचार आपल्याकडच्या जुन्या लोकांनीही केला हो. पण ते तिथवर गेले आणि येताना करुणा घेऊन आले. आमचे प्राध्यापक तिथवर गेले आणि तिथंच खुर्ची टाकून बसले!

शिष्य मिळाले. आणि मराठी माणसं जमली की काय होतं? मंडळ होतं! शून्यवादी मंडळ! अध्यक्ष, चिटणीस, शाल, श्रीफळ, सगळं आलं. कशालाच अर्थ नाही, पण व्यासपीठावर मधली खुर्ची कुणाची, यावर हातघाई!

पहिला शिष्य कवी हेमकांत. त्यानं कवितासंग्रह काढला — सगळी पानं कोरी! प्रस्तावना मात्र लांबलचक. दुसरा चित्रकार लोहारे. भिंतीवर रिकामी चौकट टांगली, खाली लिहिलं 'अभाव', आणि फीत कापून उद्घाटन केलं. एक आजी विचारते, "बाळा, चित्र कुठाय?" तर म्हणे, "हेच, आजी!" तिसरे नगरसेवक बापूसाहेब घोरवडे. गटाराची तक्रार घेऊन जा — "गटार काय नि गंगा काय, शेवटी सगळं शून्यच!" पण त्यांच्या खुर्चीला हात लावून बघा! अख्खं विश्व खोटं, तेवढी एक खुर्ची खरी! आणि निवडून कसे आले? गाव म्हणालं, "कुणीही आलं तरी काय फरक पडतो?" आणि मतदानाच्या दिवशी मटण खाऊन झोपलं. हसू नका, तुम्हीही त्यातलेच!

साऱ्या गावात सरांशी वाद घालणारं माणूस एकच. कुमुदबाई चाफेकर, निवृत्त मुख्याध्यापिका. वर्तमानपत्राच्या टेबलापाशी दोघांची रोज जुंपायची. सर म्हणायचे, "बाई, सगळं व्यर्थ आहे." बाई म्हणायच्या, "मग तावातावानं सांगता कशाला? गप्प बसा की!"

एके दिवशी काय झालं, सरांचा भाचा गाडी घेऊन आला. सर मागच्या सीटवर आडवे झाले आणि बेळगावच्या दवाखान्यात रवाना. साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पण सांगितलं कुणाला? कुणालाच नाही! सांगण्यात काय अर्थ? मोबाईलही बाळगत नसत.

दुपारी त्यांच्या दारात हातगाडी उभी राहिली. हातगाडीवर बांबू! सुतळी! कोरं मडकं! पांढरं कापड! मंडळी, तुमच्या मनात आलं ना? अगदी तेच गल्लीच्या मनात आलं! सकाळी माणूस गाडीत आडवा, दुपारी दारात बांबू नि मडकं. दुसरं तिसरं काही सुचेल आपल्याला? "गेले हो सर! सामानसुद्धा आलं!" एकट्या कुमुदबाईंनी विचारलं, "पण कुणी पाहिलं का?" बापूसाहेब म्हणाले, "पाहायचंय काय त्यात? तिकडेच उरकलं असेल." भाच्याला विचारायची, खात्री करायची तसदी मंडळातल्या एकानंही घेतली नाही. शून्यवादी ना! आणि ते सामान तसंच अंगणात पडून राहिलं. तिरडीच्या बांबूला कोण हात लावतो?

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: शोकसभा. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी सर परतले! डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला मफलर. एसटीतून उतरतात तो समोर फळा. स्वतःचं नाव वाचलं. तुम्ही-आम्ही ओरडलो असतो. सर गुपचूप दाराआड उभे राहिले. का? ऐकायचं होतं हो! आपण गेलो तर कुणाला काही वाटलं का? छातीत धडधड सुरू. शून्याला कधी धडधड असते का, अण्णा?

लोहारे उठले. फोटोच्या जागी रिकामी चौकट ठेवून तिला हार घातला. हेमकांत उठले. कोरं पान उघडलं, घसा खाकरला नि बसले. मग बापूसाहेब! "सरांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. पण पोकळी तर आधीपासूनच होती! कुणी गेलं काय, राहिलं काय, फरक पडत नाही, हे सरांनीच शिकवलं. तेव्हा अध्यक्षपद आता मी स्वीकारतो." टाळ्या! शोकसभेत टाळ्या!

दाराआड सरांचा चेहरा उतरला. शब्द त्यांचेच होते. वर्षानुवर्षं वाटलेले शब्द आज घरी परत आले होते, आणि फार लागत होते. माघारी वळणार, इतक्यात कुमुदबाई उठल्या. कागद नाही, माईक नाही.

"मला भाषण येत नाही. मला राग आलाय. हा माणूस वाद अर्धवट टाकून गेला! मी काल त्यांच्या अंगणात गेले होते. कोपऱ्यात दोडक्याचा वेल जमिनीवर लोळत होता. कशालाच अर्थ नाही म्हणणाऱ्यानं दोडका लावला होता! मला कधी बोलले नाहीत, लबाड! मग मी तेच बांबू घेतले, तीच सुतळी घेतली आणि मांडव घातला. तुमच्यापैकी कुणी हात लावणार नव्हतं. त्या मडक्यानं पाणी घातलं, कापडाची वर सावली केली." आणि बाईंचा आवाज फुटला. ज्या बाईंना पाहून मुलं रडायची, त्या बाई ढसाढसा रडल्या.

आता राहवतंय होय? काळा चष्मा, मफलर, सर तसेच आत! "बाई! अहो, ते सामान वेलासाठीच मागवलं होतं मी!"

काय पळापळ झाली म्हणता! कवी खिडकीतून! चित्रकार चौकटीत पाय अडकून आडवे! बापूसाहेब टेबलाखाली शिरून रामनाम घेतायत! देवावर विश्वास नाही, माणसावर नाही, पण भुतावर? लगेच, आणि सर्वानुमते!

जागच्या हलल्या नाहीत त्या फक्त कुमुदबाई. पदरानं डोळे पुसून कडाडल्या, "सांगून जायला काय झालं होतं? कशालाच अर्थ नाही ना? मग दाराआड उभे राहून काय ऐकत होतात?"

सरांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण आलं. "अर्थाचं मला अजूनही कळत नाही, बाई. पण तुम्ही रडलात ना... मला फार बरं वाटलं."

"लाज वाटू द्या!" बाई म्हणाल्या. "चला घरी. वेलाला सकाळपासून पाणी नाही."

मंडळी, सर काही माळकरी झाले नाहीत, खोटं कशाला सांगू? रोज त्या मांडवाखाली दोघं अजून भांडतात. मंडळ तेवढं मोडलं, कारण सर जिवंत म्हटल्यावर बापूसाहेबांना अध्यक्षपद मिळेना!

आता तुमच्याकडे वळतो. "जाऊ दे, आपल्याला काय फरक पडतो?" हे वाक्य आज सकाळपासून तुमच्यातल्या किती जणांनी उच्चारलं? हात वर नका करू, मला माहीत आहे. आपल्यामागं कोण रडेल, याची यादी तुम्ही मनात करताय, तेही दिसतंय मला. ती सोडा! शेजारचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर फळ्यावर नाव लिहिण्याआधी जाऊन कडी वाजवा. अंगणात कुणाचा वेल लोळत पडलाय, तो उचलून बांधा. विठ्ठलाचं नाव त्यानंतर घ्या, तो विटेवर उभाच आहे, कुठं जात नाही. अण्णा, धरा सूर. चहा उकळतोय, वास आला मला!