सही माझी

मी मूळची मिरजेची, लग्न होऊन लंडनला वेम्बलीत आले, ह्यांच्या थोरल्या भावाचं भांड्यांचं दुकान होतं, मी टिलवर, म्हणजे गल्ल्यावर बसायची. काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षं बसले, पगार म्हणून कधी हातात पडला नाही, घरचंच दुकान म्हणायचे.

आधी काय होतं, गिऱ्हाइकानं कार्ड दिलं की बँकेचं कमिशन दुकानदाराच्या खिशातून जायचं, जादा मागायची सोय नव्हती. मग नव्वदीच्या सुरुवातीला कायदा बदलला, कार्डवाल्याकडून जादा घ्या, पण दारावर आणि टिलपाशी तशी पाटी लावा. भाऊजींनी लावली, गिऱ्हाइकं पाटी वाचून परत जायला लागली, तशी त्यांनीच ती काढली. मी म्हटलं, भाऊजी, पाटी पाहिजे ना हो, तर म्हणाले, तू बटणं दाब.

मग एक गोरी बाई आली, कुकर घेतला, कार्ड दिलं, मी जादा लावले. तिनं पावती घेतली आणि ओळखपत्र काढलं, कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची तपासनीस होती. विचारलं, पाटी कुठाय?

त्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले. भाऊजींनी इंग्रजीत कागद टाइप करून आणलेला, की पाटी मी काढली, मालकाला न विचारता. मला वाचता येत होतं हो, मॅट्रिक आहे मी, शब्दन्‌शब्द वाचला. ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, दादाचं नाव खराब होईल, तुला कोण ओळखतंय इथं? जाऊबाईंनी पेन दिलं. केली सही.

कोर्टात दंड मलाच झाला. भाऊजींनी भरला, आणि महाराष्ट्र मंडळात सांगत फिरले, भावजयीनं गोत्यात आणलं तरी सांभाळून घेतलं. टिलवरून मला उठवलं. शाळेच्या किचनमध्ये नोकरी मिळत होती, फॉर्मवर विचारलेलं, कधी शिक्षा झालीय का? खरं लिहिलं. नोकरी गेली.

आता लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. हे घरीच असतात, पेन्शनीत. जेवताना मीठ कमी झालं तर सांगतात, त्या रविवारचं कधी काढत नाहीत. मी रोज देवापुढे त्यांच्यासाठीच हात जोडते, त्यांना उदंड आयुष्य दे म्हणते, चुकलं माझं, एवढं ते स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत त्यांना नेऊ नको.