मशीनवरची जया

...नाही बाई, तसं नका वाकू. पदर खोचा आधी, मंग बॅग ठेवा पट्ट्यावर. अन् सोडून द्या — तो पट्टा आपोआप नेते तिले आतमंदी, मागून हात घालाचा नाही. कॅमेऱ्यात रोल असन तर काढून घ्या. हं. आता या, बाकावर बसा. तिकडून बॅग निघन, तिले चिठ्ठी लागन, मंग विमानापाशी आपली बॅग आपन ओळखाची — ओळखली नाही तर चढवत नाहीत. नवीन कायदा हाय.

मी? मी इथं झाडते. पंचफुला म्हनतात मले. अन् खुर्चीवर बसली ती जया. प्रताप नगरात आमच्या भिंतीले तिची भिंत. दोघी संगंच कामाले लागलो, दोघींच्या हातात झाडूच होता — मंग ही बॅगेच्या आतलं दाखवनारी मशीन आली, अन् साहेब म्हने, मॅट्रिक कोन हाय? झालं. जयाले दिल्लीले शिकाले धाडलं. आता तिच्यावर पंखा फिरते. कोनाच्या बॅगेत लाडू, कोनाच्या बॅगेत पैंजन, सारं तिले दिसते. मले काय दिसते? फरशी.

नाही, भांडन नाही आमचं. काहून भांडू? ऐका ना. पोळ्याच्या आधीची गोष्ट. विमान उडून गेलं होतं, जया पानी प्याले गेली होती. मी बसली खुर्चीवर. नुसती बसली. मंग वाटलं, पाहू तरी कसं दिसते — तिनं दाबलेलं पाहिलं होतं, तसं बटन दाबलं, माही डब्याची थैली ठेवली पट्ट्यावर. थैली गेली का नाही म्हनून वाकली, अन् पदर गेला ना रुळात. पट्टा खेचूनच राहिला. गळ्याले फास बसला, आवाज निघेना. जया धावत आली, लाल बटनावर हात मारला — "पंचफुले, हलू नको वं, मी हाय" — अन् कैचीनं पदर कापला.

साहेब आले. मशीन कोनं चालू केली? मी कापलेला पदर गोळा करत बसली. तर ही म्हनते, "मीच केली साहेब. मीच बोलावलं तिले, पट्ट्याखालून झाडून दे म्हनलं."

दिवाळीपर्यंत खुर्ची काढून घेतली तिची. माह्या बाजूनं झाडत होती, गानं गुनगुनत. तोंड वाकडं केलं नाही एक दिवस. मी सांगितलं होतं का तिले खोटं बोल म्हनून? आता घरी माही सासू उठता-बसता तिचंच नाव घेते. माह्या नवऱ्यानं तिले जांभळी साडी नेऊन दिली — जांभळा रंग माह्या आवडीचा, बाई, तिच्या नाही. अन् खुर्ची? खुर्ची तर वापस तिलेच भेटली.

साहेबाले? नाही सांगितलं. सांगनार होती.

हो, चांगलीच हाय ती. वाईट असती तर मले किती बरं झालं असतं —

तुमच्या विमानाच्या लोकांले बोलावून राहिले. उठा, जा तुम्ही. अन् तिच्याकडं असं पाहू नका, बाई. तिले समजन.