राजदूताचं नाक

(मुखवटे बनवायची खोली. फळ्यांवर प्लास्टरची डोकी, म्हणजे नटांच्या चेहऱ्यांचे साचे, ओळीनं मांडलेली. बोलणारे दोघे : टीव्हीवरचा एक जुना नट आणि त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा मेकअपवाला आहे.)

नट : ...आणि माझा साचा घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

मेहुणा : हलू नका. पण हळू बोला, भाऊजी. बाहेर लोक ऐकतायत.

नट : ऐकू दे. चोवीस वर्षं अख्ख्या देशानं ऐकलंय मला.

मेहुणा : ऐकलंय. पाहिलंय कुणी? परवा किराणा दुकानात तुम्ही म्हणालात म्हणे, 'मी परग्रहाचा राजदूत.' दुकानदार म्हणाला, रांगेत या.

नट : घरातलं बाहेर सांगायची खोड तुमच्या घराण्यातच आहे. तुझ्या ताईला विचारतो आज.

मेहुणा : आणि चोवीस नव्हे, बावीस. मधली दोन वर्षं तुम्ही काचेच्या पेटीत गोठून पडला होतात.

नट : कथेची गरज होती.

मेहुणा : तुमच्या गुडघ्याची होती. ऑपरेशननंतर उभं राहता येत नव्हतं, म्हणून लेखकानं राजदूत गोठवला.

नट : विषय बदलू नकोस. मालिका पुन्हा सुरू होतेय. राजदूत आहे तिच्यात. मला साधा फोन नाही. त्या कालच्या पोराला माझं तोंड चढवणार, आणि ते तोंड देणारा कोण, तर माझा सख्खा मेहुणा.

मेहुणा : मला काम सांगितलं, मी केलं.

नट : चेहरा माझा, त्याच्यावरून काढलेला साचा माझा. दे इकडे. नाही दिलास तर इथंच फोडतो. साचा नाही तर मुखवटा नाही, आणि मुखवटा नाही तर झक मारत मला बोलावतील.

मेहुणा : नाही बोलावणार. कॉम्प्युटरवर चेहरा काढतील. मग तुम्हीही घरी, मीही घरी. ताईसमोर बसून भाजी निवडू दोघं.

नट : तू निवड. मला पुरस्कार मिळालाय. निरोपाचा भाग आठवतो? राजदूत पृथ्वी सोडून निघालाय, आणि त्या हिरव्या रबरातून डोळ्यातला एक थेंब खाली येतो. एकच. पेपरात काय छापून आलं होतं?

मेहुणा : 'मुखवट्याआडूनही वेदना दिसते.' पाठ आहे. तुमच्या घरी जेवायला बसलं की भिंतीवरची ती चौकट बरोबर समोर येते.

नट : मग ती वेदना दे त्या पोराला. हा घे, उचलला साचा, यातून काढून दे.

मेहुणा : साच्यातूनच येते ती.

नट : म्हणजे?

मेहुणा : काही नाही. ठेवा तो खाली.

नट : म्हणजे काय?

मेहुणा : बरं. साच्याचं नाक चिमटीत धरून बघा. आता स्वतःचं धरा.

नट : हे अरुंद आहे. प्लास्टर आकसलं असेल.

मेहुणा : प्लास्टर इतकं आकसत नाही. आता माझ्याकडे बघा. नीट. बाजूनं.

नट : तुझ्या नाकाशी माझा काय संबंध?

मेहुणा : चौदा वर्षांचा आहे. मालिकेच्या दहाव्या वर्षी तुम्ही रुसलात, मुखवट्याचा तिसरा डोळा उघडझाप करत नाही म्हणून. चार दिवस फोन उचलला नाहीत. त्याच चार दिवसांत तुमचा साचा माझ्या हातून पडला. सोमवारी शूटिंग होतं. माझ्याकडे तेव्हा चेहरा एकच होता, हा.

नट : मी रोज सांगत होतो तुला, नाक दाबतंय.

मेहुणा : रोज.

नट : तू म्हणायचास, वयानं नाक वाढतं.

मेहुणा : काहीतरी म्हणायला हवं होतं.

नट : दोन डॉक्टर केले मी. एकानं नाकात नळी घातली होती.

मेहुणा : ताई बोलली होती.

नट : तिला ठाऊक आहे हे?

मेहुणा : पहिल्याच भागाला तिनं ओळखलं. म्हणाली, हा तर आपला धाकटा, हिरवा झालेला.

नट : आणि मला एका शब्दानं बोलली नाही?

मेहुणा : म्हणाली, सांगू नकोस. हल्ली काम बरं करतात.

नट : तो थेंब...

मेहुणा : नाक दाबलं की डोळ्यात पाणी येतं. कुणाच्याही.

नट : नालायक माणसा. चौदा वर्षं तुझं थोबाड घालून फिरलो मी.

मेहुणा : आणि पुरस्कार घ्यायला स्वतःचं घेऊन गेलात. मी काही बोललो?

नट : आजच का बोललास मग?

मेहुणा : तुम्ही फोडायला निघालात म्हणून. आणि काल त्या पोराला मुखवटा चढवून पाहिला म्हणून. त्याचं नाक माझ्यासारखंच, चपखल बसला. डोळे कोरडे ठणठणीत. दिग्दर्शक म्हणाला, जुन्या राजदूताच्या डोळ्यात काहीतरी होतं, ते आणा, नाहीतर कॉम्प्युटर. चार वाजता पुन्हा बघायला येतोय तो.

नट : आणि पोरगा?

मेहुणा : त्याला मी पाचला बोलावलंय.

नट : माझ्यावर उपकार करतोयस?

मेहुणा : उपकार कसले? कॉम्प्युटर आला तर मीही उठलो इथून. तुम्ही मला आजही आवडत नाही.

नट : तू मला लग्नाच्या मांडवातच आवडला नव्हतास. दिग्दर्शकानं विचारलं, आत कोण आहे, तर?

मेहुणा : चोवीस वर्षांत कुणी विचारलं?

नट : किती वाजलेत?

मेहुणा : अडीच. चढवायला सव्वा तास लागतो. नाकापाशी आतून जरा कोरून देऊ का? वय झालंय तुमचं आता.

नट : माझा चष्मा धर. आणि नाकाला हात लावू नकोस.