चार फरश्या

"हॅलो?… कोण?… अगं, तू! थांब, हळू बोलते हं, पोरं आत्ताच झोपलीत… हं, बोल."

दुपारी अडीच ते चार पाळणाघरात फोन करायचा नाही, हा मावशींचा नियम सगळ्या आयांना तोंडपाठ होता. या वेळेत घंटा वाजली की कुणाला तरी ताप, नाहीतर कुणाची तरी बस चुकलेली. मावशींनी दुसरी घंटा होऊ दिली नव्हती. आवाज ओळखला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नऊ दिवसांनी हा आवाज येत होता.

"जेवलीस का?… नुसता चहा?… बरं बरं, नाही बोलत… छे गं, दुसऱ्या कुणाला कशी देईन? त्याची चटई तशीच गुंडाळून ठेवलीय. तुला वाटेल तेव्हा घेऊन ये त्याला. साहेब नाहीत तर इथे हुकूम सोडायला कोणी नाही."

साहेब म्हणजे तिचा मुलगा. वय महिने सतरा. नाव मावशींनीच ठेवलेलं. जिथे बसवावं तिथे हा पाय पसरून बसायचा आणि नुसतं बोट दाखवून बाकीच्या पोरांकडून चेंडू, चमचा, दुसऱ्याची बाटली असं सगळं जागेवर मागवून घ्यायचा. रांगला कधी नाहीच. अगदीच गरज पडली तर बुडावर सरकत चार हात जायचा, तेही कपाळाला आठ्या घालून, जणू शिपाई रजेवर गेल्यामुळे स्वतःला उठावं लागलंय.

"काय?… काय म्हणालीस? परत बोल."

वायर ताणून मावशी खिडकीपर्यंत गेल्या. त्याच्यापुढे ती पोचत नसे.

"आज?… स्वयंपाकघरातून?… कशालाही न धरता?… अगं बाई…"

'अगं बाई' नेहमीचंच आलं, पण पुढचं येईना. पुढचं म्हणजे तोंडावर हात, मग 'खरंच? कधी? किती पावलं?' आणि मग डोळ्यांत पाणी. बावीस वर्षं मावशी हे नाटक करत आल्या होत्या, वर्षातून पाच-सहा वेळा. आणि एकाही आईला कधी शंका आली नव्हती.

कारण मूल आठवड्याचे सहा दिवस त्यांच्याकडे. चालायला लागणार ते बहुतेक वेळा त्यांच्याच डोळ्यांसमोर. अगदी सुरुवातीला, पाळणाघर नवीन असताना, एका नर्सबाईंना त्यांनी संध्याकाळी हौसेने सांगितलं होतं, "आज तुमची मुलगी चालली हो!" नर्सबाई हसल्या. मग दारातच चप्पल घालता घालता त्यांचा चेहरा पडला. "आणि मी नव्हते," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मावशींनी ठरवलं, की पहिलं पाऊल घरचं. आपण बघायचं आणि गिळून टाकायचं. दोन-चार दिवसांत ते घरी चालतंच, आई धावत सांगायला येते, आपण तोंडावर हात ठेवायचा. खरी तारीख तेवढी कपाटाच्या दारामागे पेन्सिलीने लिहायची. ते दार कुणासमोर उघडायचं नाही.

"नाही गं, ऐकतेय… रड. रड तू. मी आहे फोनवर."

…

"हं… हो… उशीर? कोण म्हणतं उशीर? अगं, तुला शंभरदा सांगितलंय. नवव्या महिन्यात घरभर पळणारी पोरगी पाहिलीय मी, आणि दीड वर्ष ढिम्म न हलणारा पोरगाही पाहिलाय. बेकरीवाल्याची जुळी घे. एका दिवशी जन्मली, एकाच ताटात जेवली. एक अकराव्या महिन्यात चालली, दुसरी पंधराव्यात. आणि आता बघायला जा, पळण्यात कोण पुढे? ती पंधराव्यातली! माझी स्वतःची लेक रांगलीच नाही, एके दिवशी उठली आणि… हं?… काय?"

मावशींचा हात वायरीभोवती थांबला.

"…हो. तसला उशीर म्हणत नाहीस तू. कळलं मला. कळलं गं."

नऊ दिवसांचा उशीर.

तिचा नवरा फरशी बसवायचा. मावशी त्यांना मिस्त्रीच म्हणत. या खोलीची फरशी मिस्त्रींनीच बसवलेली, सहा वर्षांपूर्वी, लग्नही झालं नव्हतं तेव्हा. मावशींना गुळगुळीत, चकचकीत फरशी हवी होती. मिस्त्री गुडघ्यांवर बसूनच म्हणाले, "मावशी, चकचकीत तुमच्या पाहुण्यांना. पोरांना खरबरीत लागते. पाय धरला पाहिजे फरशीने." तीन दिवस गुडघ्यांवर बसून काम केलं. चौथ्या दिवशी उठताना भिंत धरली, तेव्हा मावशी हसल्या होत्या, "काय मिस्त्री, म्हातारे झालात की!" तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. दुखणं तिथूनच सुरू झालं होतं, हे नंतर कळलं. आधी पाय गेले, मग हात, आणि गेल्या वर्षापासून श्वास. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं.

मुलगा तेराव्या महिन्यात चालेना, चौदाव्यात चालेना, तसे मिस्त्री चाकाच्या खुर्चीतून त्याच्या पायांकडे बघत बसायला लागले. डॉक्टरांनी समजावलं होतं, की याचा त्याचा काही संबंध नाही. मुलं नवव्या महिन्यापासून अठराव्यापर्यंत कधीही चालतात, काही त्याच्याही पुढे जातात. आणि तुम्ही स्वतः कधी चाललात? मिस्त्री म्हणाले, दहाव्या महिन्यात. मग बघा, डॉक्टर म्हणाले, लवकर चालून तुमचं दुखणं टळलं का? मिस्त्री हसले होते म्हणे. पण घरी येऊन परत पायांकडे बघायला लागले.

"हो, सांग ना… किती?… मोजलीस तू?… आणि वाटी हातात?… वाटी घेऊन वळला?"

मावशींनी डोळे मिटले. शहाणा रे तू साहेब. वळलास कशाला?

"हं… नाही… म्हणजे काही मुलं एकदम… हो, बरोबर आहे तुझं. पहिल्या दिवशी वळत नाहीत सहसा. पडतात… आता मी कसं सांगू गं? एकेकाचं एकेक…"

…

"काय विचारलंस?"

खोलीत सात पोरं झोपली होती. कोपऱ्यातली पाच महिन्यांची चिमणी तेवढी जागी होती, उताणी पडून आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालायच्या प्रयत्नात. छतावरचा पंखा कुरकुरत होता.

"थांब. मला आधी एक सांग. तू त्या शुक्रवारी मला फाटकात विचारलंस ना… हो, तू घाईत होतीस, मला आठवतंय. 'मावशी, आज काही?' असं. मी म्हटलं, 'नाही अजून, घाई कसली, चालेल की.' आणि हसले वर… ते तू सहज विचारलंस ना? रोजच्यासारखं?"

…

"मिस्त्रींनी विचारायला सांगितलं होतं?"

…

"मुद्दाम?… दवाखान्यातून फोन करून?… अगं, पण तू तर त्यांना तपासणीला ठेवलंय म्हणालीस! दोन दिवसांत सोडतील म्हणालीस! मला काय माहीत… नाही, तुला नाही बोलत. तुला कशाला बोलू? तुला तरी कुठे माहीत होतं."

वायरीला पीळ पडत चालला होता. मावशींनी तो एकेक वेढा सोडवायला घेतला.

"मग तू त्यांना काय सांगितलंस?… मी म्हटलं तेच. 'नाही अजून'… आणि ते?… नुसतं 'बरं'?… दुसरं काहीच नाही?… भिंतीकडे तोंड करून…"

त्या रविवारी सकाळी मिस्त्री गेले. त्याला आज नऊ दिवस झाले.

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. नुसतं म्हणायचं, 'नाही गं पोरी, इथे कधी नाही चालला.' बावीस वर्षं जे म्हटलं तेच. कुणाचं काही बिघडत नव्हतं. फार तर कपाटाच्या दारावरची एक ओळ खोडरबराने पुसायची. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं असतं, की नशीबच नऊ दिवस मागे होतं. नशिबावर रागवून माणूस जगतं. पण ती वाट बघत होती. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात असं काही होतं, की मावशींना वाटलं, हिला कळलंय. हिने फोन कळल्यावरच केलाय.

"ऐक. खुर्ची आहे का जवळ? बस खाली… बसलीस?… चालला होता."

…

…

"इथे. हो. शुक्रवारी नाही, त्याच्या आदल्या दिवशी. गुरुवारी."

…

"हॅलो?… आहेस ना?… बोल काहीतरी. शिव्या दे. दे ना."

…

"का म्हणजे… मी कुणालाच सांगत नाही गं. आजवर एकाही आईला सांगितलं नाही. पहिलं पाऊल तुमचं असावं म्हणून. तुम्ही दिवसभर कामावर, तुम्हाला काहीच बघायला मिळत नाही, निदान एवढं तरी… मला वाटलं, रविवारी सगळे घरी असाल. मिस्त्री असतील. त्यांच्यासमोरच चालेल. मी तर मनात… मी खूश होते गं त्या दिवशी. मला वाटलं, मी त्यांच्यासाठी राखून ठेवतेय."

…

"हो. तुला मिळालं. त्यांना नाही मिळालं… हो… हो, बरोबर आहे. माझं नव्हतं ते राखायला. तुझं बरोबर आहे."

चिमणी कुशीवर वळली आणि मावशींकडे बघून हसली. मावशींनी तिच्याकडे पाठ केली.

"काय?… सगळं?… सगळं सांगते. विचार तू… सकाळी, अकरा वाजले असतील. दूध झालं होतं… पिवळा सदरा, तू घातलेला, बटण तुटलेला… नाही, कुणी बोलावलं नाही. मी बाटल्या धूत होते, दारातून दिसत होता. खिडकीच्या गजाला धरून उभा होता. उभा राहतो तो, तुला माहीतच आहे. खाली चेंडू पडलेला. त्याने नेहमीसारखं बोट दाखवलं. कुणी आणून दिला नाही. परत दाखवलं. मग इतका रागावला साहेब… हं… हो, हसू नकोस, खरंच, नाक फुगवून… आणि गज सोडला."

पलीकडे ती हसली होती की काय झालं होतं, ते मावशींना नीट कळलं नाही. पण त्या बोलत राहिल्या. थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"चार. चार फरश्या… हो, एका फरशीवर एक पाऊल, मोजून टाकल्यासारखं… हो गं, त्याच. मिस्त्रींच्याच. खिडकीकडून दुसऱ्या ओळीतल्या… नाही, नाही पडला. पाय घसरला नाही जरासुद्धा. फरशीने धरला. ते म्हणाले होते ना मला, फरशीने पाय धरला पाहिजे… तुला नव्हतं माहीत?… माझ्याशी भांडले होते त्यावरून. मला चकचकीत हवी होती… हो. तुमचं लग्नही नव्हतं झालं तेव्हा… चेंडूपाशी गेला आणि बसला. पडला नाही, बसला. स्वतःच्या मनाने."

…

"लिहून ठेवलंय मी. कपाटाच्या दारावर… तू ये. तुला दाखवते. दुसऱ्या कुणाला नाही दाखवलं आजवर… नाही, नको येऊस, तुला नसेल यायचं तर. त्याला दुसरीकडे ठेवलंस तरी मी काही… हॅलो?… अगं?"

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. जमिनीवर असावा. तिचं बोलणं लांबून येत होतं, कळत नव्हतं, पण मावशींशी नव्हतं ते. मुलाशी असेल. किंवा मिस्त्रींच्या रिकाम्या खुर्चीशी असेल. तेच शब्द परत परत असावेत, आवाज तरी तसाच वर-खाली होत होता. मधे एकदा 'चार' ऐकू आलं.

मग थप.

मावशींनी रिसीव्हर कानावर इतका दाबला की कान दुखला. थप. थप. उघड्या पायांचा आवाज. जरा थांबून पुन्हा थप. बावीस वर्षांत शेकडो पाय त्यांनी बघितले होते, नुसते ऐकले कधी नव्हते. चार झाली. पाच. सहा. सातवं वाजायला वेळ लागला. आठ. पावलं जवळ येत होती. अगदी जवळ आली, आणि बोबडा, ओला श्वास फोनमध्ये घुमला.

"साहेब?" मावशी कुजबुजल्या. "साहेब, मी… अरे, मी मावशी…"

टक, असं काहीतरी झालं आणि फोन बंद पडला.

आईने ठेवला, की त्याचं बोट लागलं, कळायला काही मार्ग नव्हता.

"हॅलो?" मावशी म्हणाल्या. खिडकीकडून दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या फरशीवर, झोपलेल्या कुठल्याशा पोराचा हात चटईबाहेर येऊन पालथा पडला होता, फरशीने धरल्यासारखा. तो त्यांनी उचलून आत ठेवला नाही.